गोठलेल्या तळ्यावरचा माग

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळचा उजेड नेहमीसारखाच आला. म्हणजे तो आला असे आधी वाटलेच नाही. खिडकीच्या पट्ट्यांमधल्या फटी फक्त थोड्या कमी काळ्या झाल्या. मग त्या फटींना राखेचा रंग चढला, आणि राखेत दुधाचा थेंब पडून विरघळत जावा तसा एक पांढुरकेपणा हळूहळू पसरत गेला. पांघरुणाबाहेर हात न काढता कुशल ते पाहत पडून राहिला. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी एवढे एकच काम तो मनापासून करीत असे. उजेड प्रथम छताच्या कोपऱ्यात जाई, तिथून बाबासाहेबांच्या तसबिरीच्या काचेवर उतरे, काचेवर जरा थबके, आणि मग पुस्तकांच्या पाठींवरून कुणी हात फिरवावा तसा सावकाश खाली येई. ओट्यावर काल उपडी घातलेल्या कपाच्या कडेला उजेडाची नखाएवढी कोर लागली. जमिनीतून उबदार हवा सोडणाऱ्या जाळीशी त्याचा कुत्रा, भुऱ्या, अंगाचे मुटकुळे करून झोपला होता. त्याच्या पाठीवरचे केस त्या हवेने किंचित हलत होते आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी उजेड येऊन परत जात होता. त्यात अद्भुत असे काहीच नव्हते. जगातल्या असंख्य खोल्यांत तोच उजेड तसाच मुकाट्याने आला असेल. पण जे कुणाची परवानगी न विचारता आत येते आणि तरीही कुणाला दुखावत नाही, असे कुशलला दुसरे काही ठाऊक नव्हते. म्हणून तो रोज नव्याने पाहत असे, आणि रोज थोडा उदास होत असे.

तो उठला आणि पट्ट्या वर ओढल्या. खाली तळे होते. ते खरे तर तळे नव्हते; घरे बांधताना पावसाचे पाणी साठायला खणलेला तो मोठा खड्डा होता, पण वस्तीतले सगळे त्याला लेक म्हणत, आणि लेक म्हटल्यामुळे घरभाडेही लेककाठचे द्यावे लागे. पलीकडच्या झाडांच्या रांगेमागे डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या राखाडी भिंती उभ्या होत्या. त्यांतल्याच एका भिंतीआड तो नोकरी करीत असे. आठवडाभराच्या थंडीने पाणी गोठले होते, आणि गुरुवारी रात्री पडलेल्या हिमाने गोठलेले पाणी आणि काठचे गवत एकाच पांढऱ्या चादरीखाली गेले होते. सूर्य अजून आडवाच होता. त्याचा उजेड त्या चादरीवरून सरपटत येत होता, आणि म्हणूनच एरवी कधी दिसले नसते ते दिसले. पलीकडच्या काठापासून एक बारीक, निळसर सावल्यांची माळ निघाली होती. ती तळ्याच्या मध्याकडे सरळ गेली होती, जिथे पाणी सडू नये म्हणून तळाशी हवा सोडतात आणि त्यामुळे बर्फ कधी धरतच नाही, त्या काळ्या उघड्या पाण्याच्या अगदी अलीकडे तिने एक वळसा घेतला होता, आणि ती पुन्हा काठाकडे परतली होती. कुत्र्याची पावले होती ती. फक्त कुत्र्याची.

त्याने भुऱ्याकडे पाहिले. भुऱ्या झोपेतच होता. काल शुक्रवारी दिवसभर तो, नेहमीप्रमाणे, पलीकडच्या काठावर राहणाऱ्या दीपाकाकूंकडे होता. कुशल कामावरून परतताना त्याला घेऊन आला, तेव्हा त्याच्या पोटाखालचे केस ओले आणि गारठलेले होते. "हिमात लोळला रे," काकू म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांनी भुऱ्याच्या पाठीकडे पाहिले होते, कुशलकडे नाही. तेव्हा ते त्याच्या लक्षात येऊनही आले नव्हते. आता आले. अंगात जाकीट अडकवून तो एकटाच खाली उतरला आणि तळ्याला वळसा घालून पलीकडे गेला. काठाशी वाकून त्याने पहिला ठसा पाहिला. भुऱ्याच्या पुढच्या उजव्या पायाला एक बोट कमी होते, बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून आणला तेव्हापासूनच. आणि हिमातल्या त्या प्रत्येक चौथ्या ठशात ते बोट नव्हते. काठावर बुटांचे ठसे होते, मोठे आणि लहान. त्यांच्या शेजारी हिम एका लांबट पट्ट्यात दाबले गेले होते, जणू कुणी तिथे घसरगाडी ठेवली असावी, मुलांची. म्हणजे माणसे काठावर होती. काठावर उभी राहून कुणी तरी त्याच्या कुत्र्याला बर्फावर जाताना पाहिले होते. खेळत होती ती माणसे.  त्यात धक्का थोडा होता आणि ओळख अधिक होती. हे असे होणार हे आपल्याला ठाऊकच होते, असे म्हणणारी एक जुनी, थंड, जवळजवळ समाधानी ओळख.

संशय हा त्याच्या कामाचाच भाग होता. यंत्रांच्या रांगांतून फिरताना कुठला दिवा अर्धवट मिणमिणतो, कुठला पंखा जरा वेगळ्या सुरात घुमतो, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला तिथे कुणी ठेवीत नाही. पण कुशलचे हे शिक्षण नोकरीच्या खूप आधी सुरू झाले होते. नागपुरात टपाल खात्यात कारकून असलेले त्याचे वडील, भानुदास, मुलाला हाताशी धरून परक्या घरी जात तेव्हा दारातच हळू आवाजात सांगत, "बसायच्या आधी जागा बघ. प्यायच्या आधी हात बघ." पाणी देणारा हात किती उंचावरून पाणी देतो, भांडे कुठल्या फळीवरून काढतो, परत कुठे ठेवतो, हे वडील एका नजरेत टिपत, आणि चेहऱ्यावरचे हसू जराही न हलवता तहान नसल्याचे सांगत. कुशलला तेव्हा त्यांची लाज वाटे. मग तो अमेरिकेत आला. पहिली नोकरी टेक्सासात, प्लेनोत. अमित आणि विक्रम या दोघा मराठी मुलांबरोबर त्याने घर घेतले. तिघे एकत्र जेवत, एकमेकांना यार म्हणत, रविवारी हायवेवरून उगाच लांबपर्यंत गाडी नेत. एप्रिलात चौदा तारखेला त्याने आपल्या खोलीत तसबीर लावली आणि मेणबत्त्या पेटवल्या. दार उघडे होते. विक्रम दारात थांबला, "अच्छा," म्हणाला, आणि छान हसला. त्यानंतरच्या आठवड्यात ओट्यावरच्या फळीवरची कुशलची पातेली खालच्या कप्प्यात गेली होती. दोन महिन्यांनी विक्रमचा कुणी चुलतभाऊ राहायला येणार असल्याचे कळले, कुशलने खोली रिकामी करून दिली, आणि तो चुलतभाऊ शेवटपर्यंत आला नाही. कुणी काही बोलले नव्हते. बोलले असते तर बरे झाले असते. बोललेल्याला उत्तर देता येते. हलवलेल्या पातेल्याला काय उत्तर देणार? तेव्हापासून तो माणसांच्या बोलण्यापेक्षा त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा वाचू लागला. वडिलांची त्याला पुन्हा कधी लाज वाटली नाही.

भुऱ्या त्याच्या आयुष्यात आला तो अ‍ॅशबर्नला आल्यावर, पहिल्याच हिवाळ्यात. शेल्टरमधली बाकीची कुत्री गजांवर उड्या घेत होती. हा मागच्या भिंतीला टेकून बसला होता आणि कुशलकडे पाहत होता. नुसते पाहत होता. त्या नजरेत मागणे नव्हते, अदमास नव्हता, कुठला आहेस, कुणाचा आहेस, काही नव्हते. एखाद्या सजीवाच्या डोळ्यांत आपण पूर्णपणे, काही वजा न होता उमटतो आहोत, असे कुशलला आयुष्यात प्रथमच वाटले. कुत्र्याचे वय किती ते तिथल्या बाईंनाही सांगता आले नाही. "ही इज नॉट अ पपी," एवढेच त्या म्हणाल्या. घरी आणल्यावरही संध्याकाळी कुशल पुस्तक घेऊन बसला की भुऱ्या समोर बसून त्याच्याकडे बघत राही, आणि त्या बघण्याच्या उबेत कुशल दिवसभर धरून ठेवलेला श्वास हळूहळू सोडी. म्हणूनच, हे बघणे अलीकडे बदलले होते हे त्याच्याइतके कुणालाच जाणवले नसते. झाडांची पाने गळू लागली त्या सुमारास केव्हा तरी भुऱ्याची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे जाऊ लागली. हाक मारली तर कान उभे राहत, शेपूट हले, पण डोळे भलतीकडेच असत. कुशलने ते पाहिले, आणि त्याचा अर्थ लावला: कुत्र्याचे मन दुसरीकडे लागले आहे. दिवसभर ज्यांच्या हातचे खातो त्यांच्याकडे.

दीपाकाकूंशी त्याची ओळख दोन वर्षांपूर्वी वस्तीच्या सभागृहातल्या दिवाळीच्या कार्यक्रमात झाली होती. "आडनाव काय म्हणालास?" त्यांनी विचारले होते. त्याने पुन्हा सांगितले. "नाही, ओळखीचं वाटलं म्हणून," त्या म्हणाल्या. हा प्रश्न दोनदा का विचारतात हे त्याला पाठ होते. तरीही त्यानंतर पंधरवड्याने त्याच काकू त्याच्या दारात डबा घेऊन उभ्या राहिल्या. कुत्रा दिवसभर एकटा रडतो, इथून जाताना ऐकू येतं, मी घरूनच काम करते, सोडत जा माझ्याकडे. पैशाची गोष्ट काढली तेव्हा रागावल्या. कुशलने होकार दिला, पण पहिले कित्येक महिने त्यांच्या घरी तो उंबऱ्याच्या आत गेला नाही, पाणी प्यायला नाही. मग एकदा चहा घेतला. कप कुठल्या फळीवरून आला ते पाहिले, धुऊन कुठे ठेवला तेही पाहिले. त्याच फळीवर ठेवला होता. त्याने ते स्वतःशी नोंदले आणि निकाल राखून ठेवला. निकाल राखून ठेवण्याचे त्याला चांगले साधत असे.

यंदा नोव्हेंबरात पहिली थंडी पडली तेव्हा त्याने काकूंच्या घरच्यांबरोबरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पाठवला होता. रात्री जागून, वाचून, नीट मराठीत लिहिला होता. इकडच्या हिवाळ्यात बर्फ कधीच भरवशाचे नसते. आज गोठते, परवा वितळते, आणि खालचे पाणी उतरले की वरचा थर नुसता पोकळ टांगलेला राहतो. पांढरे बर्फ वरून घट्ट दिसले तरी काचेसारख्या बर्फापेक्षा कच्चे असते. नाल्याचे तोंड आणि हवेचे बुडबुडे येतात ती जागा यांच्या आसपास ते कागदासारखे असते. तळ्याजवळ गळपट्ट्याची दोरी, लीश, आखूड धरायची, कधीही सोडायची नाही. आणि कुत्रा आत पडलाच तर त्याच्यामागे जायचे नाही; माणसे अशीच मरतात. काठावर आडवे व्हायचे, त्याला हाका मारायच्या, मदतीला फोन करायचा. काकूंच्या नवऱ्याने, संजीवकाकांनी, त्यावर अंगठा दाखवला आणि लिहिले, "येस सर." मग खाली आणखी एक ओळ: "आम्ही मिनेसोटात चार विंटर काढले आहेत. तिथे लोक लेकवर ट्रक नेतात." नोकरीनिमित्त उत्तरेत राहून आलेल्या मराठी माणसांना बर्फाचा एक गर्व असतो, तिथली जाडी ते मनात बरोबर घेऊन दक्षिणेला येतात आणि इथल्या तळ्यांवर पसरतात. कुशलने तो विनोद अनेकदा वाचला होता. आता, त्या दाबलेल्या हिमाशेजारी उभा असताना, त्याला तो विनोद राहिला नाही असे वाटले.

आणि मग बाकीच्या खुणाही एकेक करून पुढे आल्या, हाक मारल्यासारख्या. बाजूने हात नेला की भुऱ्या आता दचके. पूर्वी दचकत नसे. काकूंच्या जेवणघरातल्या खुर्चीला तो एकदा धडकला होता, आणि खुर्ची जागेवरून सरकलेली होती. कुणी तरी त्याच्या अंगावर लाथेने ढकलली असावी. संध्याकाळी कधी त्यांच्याकडे नेला तर तो दारातच अडून बसे, आत यायचे नाही म्हणून. फेकलेला चेंडू तो आता पकडत नसे, नुसता उभा राही, खेळण्यातला आनंदच कुणी काढून घेतल्यासारखा. पायऱ्या उतरताना एकेक पाय चाचपून टाकी. भीती शिकवलेल्या जनावराची ही सगळी लक्षणे होती. नोव्हेंबरातच काकू म्हणाल्या होत्या, "कुशल, याचे डोळे एकदा दाखव रे डॉक्टरला." त्या वेळी तो नुसता मान हलवून निघून आला होता. आता त्या वाक्याचा हेतू त्याला उमगला: उद्या काही घडले तर आधीच कारण तयार असावे. किती सहज म्हणाल्या होत्या. विक्रमनेही 'अच्छा' किती सहज म्हटले होते.

दुपारी तो भुऱ्याला घेऊन त्यांच्याकडे गेला. दार संजीवकाकांनी उघडले. "ये ये, टाइमिंग बघ याचं. थालीपीठ तव्यावर आणि कुशल दारात. बूट राहू देत, सगळं घर ओलंच आहे." आत काकू तव्याशी होत्या. त्यांची मुलगी आन्या, यंदा हायस्कूलला गेलेली, टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. ती "हाय दादा" म्हणाली आणि भुऱ्यासाठी हात खाली सोडला. भुऱ्याने आधी हवा हुंगली, मग नाक त्या हातात नेऊन ठेवले.

"काल भुऱ्या लेकवर गेला होता," कुशल म्हणाला. त्याच्या आवाजात प्रश्न नव्हता.

काकूंनी उलथने तव्याच्या कडेवर ठेवले. "तुला कोणी सांगितलं?"

नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत. कुशलने ते टिपले. "कोणी नाही. ठसे दिसले."

"मी बोललो होतो ना हिला, याला कळणार," काका म्हणाले. "हा आपला प्रायव्हेट एफबीआय आहे." कुणी हसले नाही तेव्हा त्यांनी स्वतःच टेबलावरची दह्याची वाटी जराशी सरकवली.

"माझ्या हातातून लीश सुटली," काकू म्हणाल्या. "जाड मिटन्स होते हातात, कळलंच नाही. पण पळाला नाही रे तो. खार दिसली, दुसरा कुत्रा दिसला, असं काही नाही. चालत गेला. रस्ता वळला आणि हा वळलाच नाही."

"लाइक इट वॉज जस्ट मोअर साइडवॉक," आन्या म्हणाली.

"आणि तुम्ही बघत उभ्या राहिलात."

"उभी कुठे राहिले? आडवी झाले." त्यांनी गॅस बारीक केला. "तुझाच मेसेज डोक्यात. मागे जायचं नाही, जायचं नाही, असं स्वतःला बजावत होते. आन्याला म्हटलं, फोन हातात धर, तो पडला की लगेच नाइन वन वन कर. आणि पालथी पडून ओरडत राहिले, ये रे भुऱ्या, ये रे बाळा, इकडे. आधी तो लांबच जात होता, मग थांबला. कान टवकारले. माझ्या आवाजावर आला परत. शेजारच्यांना वाटलं असेल, या इंडियन बाईला काय झालं, बर्फात लोळतेय."

दाबलेल्या हिमाचा तो लांबट पट्टा कुशलच्या डोळ्यांपुढे आला. त्याची लांबी काकूंच्या उंचीएवढी होती. क्षणभर त्याच्या मनातले काही तरी ढिले पडले. पण ढिले पडणे ही त्याच्या मनाची सवय नव्हती. ते लगेच दुसरीकडे घट्ट झाले. "मला काल सांगितलं नाहीत. लोळला म्हणालात."

"रात्रभर जागला असतास. आज सांगणारच होते, दोन घास पोटात गेल्यावर. चुकलंच माझं ते." त्या थांबल्या. "पण ऐक जरा. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, त्याचे डोळे..."

"त्याला काही झालेलं नाही," कुशल म्हणाला. "माझ्याकडे असतो तेव्हा तो बरा असतो." हे खरे नव्हते, आणि ते खरे नाही हे त्याला म्हणतानाच कळले, पण वाक्य बाहेर पडले होते आणि त्याच्यामागून दुसरे यायला निघाले होते. "हात पुढे केला की दचकतो. आधी असं नव्हतं. कुत्रा उगाच दचकायला लागत नाही."

काकांचा चेहरा सावकाश बदलला. "एक मिनिट. आम्ही मारतो याला, असं म्हणायचंय तुला?"

कुशलने भुऱ्याला आपल्याकडे ओढून घेतले. 

"अरे बोल ना. तुझ्यासाठी ही रोज..."

"संजीव, थांब." काकूंनी गॅस बंद केला. तव्यावरचे थालीपीठ तसेच राहिले. त्या हात पुसत पुढे आल्या आणि त्याच्यापासून जरा अंतरावरच थांबल्या. "कुशल, तू आमच्याकडे किती महिने पाणी प्यायला नाहीस, ते मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? का ते पण कळत होतं. मी त्या पहिल्या दिवाळीत तुला आडनाव दोनदा विचारलं होतं. कशासाठी विचारलं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. घरी आल्यावर माझी मला लाज वाटली. ते तू विसरावंस असं मी म्हणणार नाही. माझ्यावर संशय घे, तुझा हक्क आहे. पण त्यासाठी या मुक्या जीवाला पणाला लावू नकोस. काल तो वाचला. दर वेळी वाचणार नाही."

असे कुणी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. प्लेनोत तो वर्षभर असे काही ऐकण्याची वाट पाहत होता, आणि आता ते समोर आले तर ते घ्यायला त्याच्याजवळ हातच मोकळे नव्हते. खरे बोलण्यामागेही डाव असू शकतो. कबुली देऊनही माणसे सुटून जातात. "सोमवारपासून मी त्याला आणणार नाही," तो म्हणाला.

"मग दिवसभर एकटा ठेवशील?" काकूंनी विचारले. "जिना तरी उतरता येतो का त्याला आता?"

त्याने लीश हाताभोवती गुंडाळली आणि निघाला. आन्या हळूच म्हणाली, "बाय, भुऱ्या." मागून दार लगेच लागले नाही, ते त्याच्या पाठीवर बराच वेळ उघडे राहिले, आणि त्याने वळून पाहिले नाही.

घरी न जाता तो तळ्याकडे वळला. त्याला सिद्ध करायचे होते. कुणापुढे, हे त्याने स्वतःला विचारले नाही. भुऱ्याच्या सरावासाठी घेतलेली लांब दोरी गाडीत होती आणि तरंगण्यासाठीचे नारिंगी जाकीटही. ते त्याने भुऱ्याच्या अंगात चढवले, दोरी पाठीवरच्या कडीत अडकवली आणि दुसरे टोक स्वतःच्या कमरेला दोनदा वेढून बांधले. गेली सगळी वर्षे भुऱ्याने काठ ओळखला होता. रस्ता वळतो तिथे पोचला की तो आपणहून थांबे, पाण्याकडे पाही, मग कुशलकडे पाही, आणि वळे. हे कुशलने शिकवले नव्हते; ते त्याला येत होते. योग्य माणसाबरोबर असला की अजूनही येईल. वारा तळ्याकडून काठाकडे वाहत होता. दूर डेटा सेंटरांची घरघर अखंड चालू होती, जी इथे राहणाऱ्यांना ऐकू येईनाशी झालेली असते. वळणाशी कुशल थांबला आणि त्याने दोरी सैल सोडली.

भुऱ्या थांबला नाही. त्याने वेगही कमी केला नाही. हिमाखाली रस्ता संपला, गवत संपले, आणि त्याची पावले त्याच शांत, विश्वासाच्या चालीने बर्फावर गेली. पायांखाली कुठे तरी खोलवर एक बारीकसा, तार तुटल्यासारखा आवाज उमटला. कुशलने दोरी ओढली. भुऱ्या गोंधळून मागे आला, कान फिरवीत, कुठून ओढले गेलो ते शोधीत. हिम आहे, कुशल मनात म्हणाला; सगळेच पांढरे झाले आहे, काठ मलाही दिसत नाही. पण त्याला काठ दिसत होता. वाळलेल्या लव्हाळ्याचे काळे बुडखे रांगेने उभे होते, आणि त्यांतल्याच एका बुडख्यावर भुऱ्याचे नाक आपटले होते.

त्याने भुऱ्याला रस्त्यावर आणले, दोरी आखूड करून एका झाडाला अडकवली आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग, का ते न ठरवता, त्याने गाठ सोडली, दोरी हातातून सरकू देत तो उलट पावली मागे सरकत गेला, आणि रस्त्यात गुडघ्यांवर बसला. वारा आता भुऱ्याकडून त्याच्याकडे येत होता; त्याचा वास भुऱ्याला जाणार नव्हता. त्याने हाक मारली नाही. श्वासही आवरून धरला. समोर दोन्ही हात उघडे ठेवले. काही वेळाने भुऱ्या चालू लागला, मान जराशी खाली, एकेक पाय चाचपत, सरळ त्याच्या दिशेने. दुपारचा सूर्य त्याच्या तोंडावर होता. ते डोळे जवळ आले. तपकिरी नव्हते ते आता, त्यांच्या आत निळसर धुके साचलेले होते, आणि उन्हातही ते मिटत नव्हते. कुशल त्यांच्यात पाहत राहिला. त्यांच्यात तो कुठेच नव्हता. भुऱ्या चालत आला, चालतच आला, आणि त्याच्या छातीवर आदळून दचकून मागे झाला. मग कपड्यांचा वास लागला तेव्हा साऱ्या अंगाने हलू लागला, त्याची हनुवटी चाटू लागला, आणि तसे करताना त्याची नजर कुशलच्या खांद्यावरून पलीकडे, कुठेच नसलेल्या जागी लागून राहिली होती. कुणी त्याला मारले नव्हते. कुणी त्याला बर्फावर सोडले नव्हते, कुणी त्याचे मन वळवले नव्हते.

भुऱ्या आंधळा झाला होता.